घरी बांधलेला व्हॉल्व्ह ॲम्प घुमायलाय? हमचा माग फुकटापासून महागाकडं कसा काढायचा

ॲम्प पहिल्यांदा चालू केला, व्हॉल्व्ह आतून लाल झाले, दहा-पंधरा सेकंद एकदम शांत गेले आणि मग स्पीकरमधून हळूहळू घूंऽऽऽ, म्हणजेच हम, वर आलं. दोन-तीन महिने रात्री जागून बांधलेल्या ॲम्पमधून पहिला आवाज हा निघाला की जीव बारीक होतो. माझे स्वतःचे चार आणि लातूर, परभणी, अंबाजोगाईकडच्या मित्रांचे मिळून पंधरा-सोळा ॲम्प मी या एका रोगासाठी उघडलेत. सर्किट बहुतेकांचं तेच, पुढं बारीक सिग्नल वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह ईसीसी८३, मागं स्पीकर चालवणारा मोठा ईएल८४, एका चॅनेलला पाच-साडेपाच वॅट. रोगही तोच आणि फोनवरचा पहिला प्रश्नही तोच, "दादा, घुमायलाय, फिल्टर कंडेन्सर बदलू का?"

नको बदलू. सप्लायची लाट सपाट करणारा हा कंडेन्सर बिघडतो, पण नव्या बांधलेल्या ॲम्पमध्ये तो क्वचितच दोषी निघतो. दोष असतो तारेच्या रस्त्यात. कोणती तार कुठून गेली, कुणाच्या शेजारून गेली, ग्राउंड (सगळ्या सर्किटची शून्य व्होल्टची सामाईक तार) कुठं जाऊन मिळालं, यात. म्हणून पैसे नंतर, आधी कान.

लक्षणं

व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. तरी हम तेवढाच राहिला तर दोष ॲम्पच्या आत आहे, पहिल्या व्हॉल्व्हपासून सप्लायपर्यंत कुठंही. व्हॉल्यूमबरोबर वाढत-कमी होत असेल तर तो बाहेरून यायलाय, केबलमधून, मोबाइल-लॅपटॉपकडून किंवा इनपुट सॉकेटच्या वायरिंगमधून. (व्हॉल्यूम कंट्रोल इनपुटलाच लावलाय असं मी धरतोय, आपल्या साध्या ॲम्पमध्ये तो तिथंच असतो.) तिसरा एक प्रकार आहे, शून्यावर शांत, पूर्ण उघडल्यावरही बऱ्यापैकी शांत, आणि मधोमध मात्र सगळ्यात जास्त हम. हे दिसलं की समजायचं कंट्रोलपासून ग्रिडपर्यंतची (व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या पिनपर्यंतची) तार उघडी आहे आणि आसपासचं सगळं ओढून घ्यायलीय, कारण कंट्रोल मध्यावर असताना ग्रिडला दिसणारा रेझिस्टन्स सगळ्यात जास्त असतो.

मग सूर ओळखा. आपली लाइन ५० हर्ट्झची. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या फिलामेंटच्या तारांमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेला हम ५० चा असतो, खोल, पोटात जाणवणारा. रेक्टिफायरनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरच्या) सप्लायचा हम १०० चा असतो, कारण फुल वेव्ह रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो. मोबाइलवर टोन जनरेटरचं फुकटचं ॲप घ्या आणि हेडफोन लावून ५० आणि १०० दोन्ही ऐका, मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ५० निघतच नाही. भजनी मंडळात बसणाऱ्यांना अजून सोपं पडेल, पुरुषाच्या गळ्याचा सा पांढरी एकला धरला तर त्याचा मंद्र पंचम जवळपास ९८ हर्ट्झ येतो. हम त्या पंचमाशी जुळला तर सप्लायकडं बघा, त्याच्याही एक सप्तक खाली गेला तर फिलामेंट आणि ट्रान्सफॉर्मरकडं.

हम गोल नसून झर्रर्र असा काटेरी असेल तर ग्राउंडचा फेरा (दोन जागी ग्राउंड होऊन त्यांच्यामधून करंट फिरणं), पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर नाहीतर चार्जर. आणि आवाज स्पीकरमधून येतोय का खुद्द ट्रान्सफॉर्मरमधून, हे एकदा कान जवळ नेऊन ठरवाच. एका मित्रानं आठ दिवस वायरिंग उसवलं होतं आणि घुमत होत्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्त्या.

अजून एक, हम पहिल्या दिवसापासून आहे, एकदम आला, का महिन्या-महिन्यानं वाढत गेला? पहिल्या दिवसापासूनचा वायरिंगचा, एकदम आलेला जॉइंटचा किंवा व्हॉल्व्हचा, हळूहळू वाढलेला कंडेन्सरचा. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा, कारण दोन रात्री खटपट केल्यावर आधी काय होतं ते डोक्यात राहत नाही.

फुकटातल्या तपासण्या, झाकण न उघडता

लाइट गेलेली असताना, म्हणजे घर इन्व्हर्टरवर चालू असताना, हमचा निकाल लावू नका. आपल्याकडं बऱ्याच घरांत जुने स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर आहेत, त्यांची लाट चौकोनी असते आणि ट्रान्सफॉर्मरला ती सोसत नाही, तो स्वतः घुमतो आणि स्पीकरमध्येही झर्रर्र घालतो. लाइन आल्यावर परत ऐका. नंतर खोलीतल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण वर करा किंवा पंखा बंद करा, एलईडी बल्ब बंद करा, मोबाइलचे चार्जर काढा. एकेक बंद करायचं आणि ऐकायचं, सगळं एकदम बंद केलं तर दोषी कोण ते कळत नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणं जिवावर येतं, पण पाच मिनिटांचंच काम आहे.

मग इनपुटची केबल काढा. ॲम्पच्या इनपुट सॉकेटमध्ये मधली पिन आणि बाहेरची कडी जोडलेला एक प्लग घाला, जुन्या केबलचं टोक कापून पाच मिनिटांत होतो. हा प्लग लावल्यावर हम गेला तर ॲम्प ठीक आहे, आता पलीकडं बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर वाजवा. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स असेल तर छतावरून येणारी केबल काढून बघा, तिची जाळी कुठंतरी दुसऱ्या ठिकाणी ग्राउंड झालेली असते आणि दोन ग्राउंडच्या मधून करंट फिरायला लागतो, तोच हम होऊन ऐकू येतो.

प्लग लावूनही हम राहिला तर पुढं चला.

अर्थिंग

याच्यावर मी जरा थांबणार, कारण यात माणसं मरतात.

लक्षण असं की चेसिसला (ॲम्पच्या पत्र्याच्या पेटीला) हात लावला की हम कमी होतो किंवा बदलतो. म्हणजे चेसिसला अर्थ मिळतच नाहीये, तुम्ही स्वतः अर्थ होताय. आधी तीन पिनची केबल आणि बोर्डाचं सॉकेट बघा. पुष्कळ जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं भोक असतं, मागं वायरच नसते. मीटर एसीवर ठेवून फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ मोजा, दोन्ही जवळजवळ सारखे यायला पाहिजेत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. दहा-पंधरा व्होल्ट दिसले किंवा आकडा हलत राहिला तर अर्थिंग कमजोर आहे. एक लक्षात ठेवा, मीटर फार थोडा करंट ओढतो, म्हणून खराब अर्थिंगही मीटरवर कधीकधी चांगलं दिसतं, खरी परीक्षा इलेक्ट्रिशियनच्या अर्थ टेस्टरवर होते.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती आकसून सुटते आणि पाऊसकाळात ठणठणीत असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. माझ्याकडं दरवर्षी एप्रिल लागला की खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी जातं. ते ॲम्पसाठी नसून घरासाठी आहे, पण ॲम्पलाही फरक पडतो.

काहीजण सांगतात की तिसरी पिन काढून टाक, हम जातो. हो, ग्राउंडचा फेरा तुटतो म्हणून जातो. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट चेसिसवर येऊन बसतील, फ्यूज उडणार नाही आणि व्हॉल्यूमच्या धातूच्या नॉबला हात लावणारं तुमचं लेकरू असेल. तिसरी पिन कधीच काढायची नाही. फेरा तोडायची बरोबर जागा ॲम्पच्या आत आहे, ती पुढं सांगतो.

व्हॉल्व्ह

दोन चॅनेलचा ॲम्प असेल तर ही तपासणीही फुकटच आहे. बंद करा, गार होऊ द्या, डाव्या-उजव्याचे ईसीसी८३ आपसात बदला. हम व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व्हच दोषी, आत फिलामेंट आणि तिनं तापणारा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, म्हणजे कॅथोड, यांच्यामध्ये गळती झालीय. गेला नाही तर व्हॉल्व्ह निर्दोष. मग ईसीसी८३ काढून ठेवून चालू करा (कॅथोड बायसच्या, म्हणजे कॅथोडपासून ग्राउंडला रेझिस्टर असलेल्या, ॲम्पमध्ये याला धोका नाही, स्पीकर मात्र जोडलेला पाहिजे, स्पीकरशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो). हम थांबला तर तो ईसीसी८३ किंवा त्याच्या आधीच्या भागातला. तसाच राहिला तर ईएल८४, सप्लाय नाहीतर ट्रान्सफॉर्मर. एवढ्या एका गोष्टीनं निम्मा ॲम्प संशयातून सुटतो.

सॉकेटच्या पिना सैल असतील तरी हम येतो. व्हॉल्व्ह चारपाच वेळा हळूच आतबाहेर केल्यानं गंज निघतो. जुन्या रेडिओतून काढलेली सॉकेटं वापरली असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बंद आणि गार असताना.

झाकण उघडायच्या आधी

आत २५० ते ३२० व्होल्ट डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. दोन मिनिटं थांबा, मग मीटरनं प्रत्येक मोठ्या कंडेन्सरवरचे व्होल्ट मोजा, १० च्या खाली आल्याशिवाय बोट आत जाणार नाही. उतरत नसतील तर १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा लावलेला, पाच-दहा सेकंद कंडेन्सरवर धरून परत मोजा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका, ठिणगीनं कंडेन्सर आणि डोळा दोन्ही जातात. आणि पहिल्याच दिवशी पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहम २ वॅटचा ब्लीडर कायमचा झाळून टाका, तो दीड-दोन मिनिटांत सगळं रिकामं करतो.

चालू ॲम्पमध्ये मोजायची वेळ आलीच तर एक हात पाठीमागं, पायात रबरी चप्पल, घरात दुसरं कुणीतरी जागं. हा छंद मनाच्या शांततेसाठी आहे, दमलेले असाल तर त्या रात्री झाकण उघडूच नका.

फिलामेंटच्या तारा

हम ५० चा असेल तर पहिली नजर इथं. ईएल८४ ची फिलामेंट ६.३ व्होल्टला ०.७६ अँपिअर घेते आणि ईसीसी८३ ची ०.३. म्हणजे दोन ईएल८४ आणि एक ईसीसी८३ मिळून १.८ अँपिअरच्या वर एसी चेसिसमधून फिरत असतो, आणि त्याच्या शेजारी काही मिलिव्होल्टचा सिग्नल जात असतो. दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पिळलेल्या असल्या की जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटची क्षेत्रं एकमेकांना खोडून टाकतात. सैल असल्या, सॉकेटजवळ येऊन फाकलेल्या असल्या, की नाही खोडत. पिळायला मी ड्रिल मशीन वापरतो, एक टोक शिकंज्यात, दुसरं ड्रिलमध्ये, हळू फिरवायचं, सेंटिमीटरला एक पीळ भरपूर झाला. ही जोडी चेसिसच्या कोपऱ्यात दाबून न्यायची आणि प्रत्येक सॉकेटवर कोपऱ्यातून वर उचलून पिन चार-पाचवर उतरवायची (ईसीसी८३ ला चार-पाच एकत्र आणि नऊ वेगळी). सिग्नलची तार तिला ओलांडत असेल तर काटकोनात ओलांडू द्या, समांतर कधीच नाही.

माझा दुसरा ॲम्प दिसायला सगळ्यात सुंदर होता. मोच्याकडून मेण लावलेला दोरा आणला आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायच्या तशा सगळ्या तारा एकाच जुडग्यात गाठी मारून बांधल्या, सगळी वळणं काटकोनात, सगळ्या गाठी एका अंतरावर. तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर वरच्या खोलीत दोन-अडीच तास तेच काम, आणि खरं सांगतो त्या तीन आठवड्यांत मला जितकी शांत झोप लागली तितकी कित्येक वर्षांत लागली नव्हती. चालू केला तर गिरणीसारखा घुमला. जुडग्यात फिलामेंट, सप्लाय आणि ग्रिडच्या तारा वीतभर अंतर गळ्यात गळे घालून चालल्या होत्या. एका संध्याकाळी सगळा दोरा कापला, ग्रिडच्या तारा सोडवून वेगळ्या नेल्या, हम निम्म्याहून खाली आला. तेव्हापासून माझ्याकडं दोन जुडगी असतात. सप्लाय आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारा एकात, त्या खुशाल बांधा, छान दिसतात. ग्रिडच्या तारा कुणाबरोबरच नाहीत, त्या सगळ्यात आखूड आणि सरळ, बांधणीत बसल्या नाहीत तरी चालतील. नीट वायरिंग मी त्यालाच म्हणतो.

तारा ठीक असतील तर फिलामेंटचं ग्राउंड बघा. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधली तार असेल तर ती ग्राउंडला गेलेली पाहिजे, नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर ग्राउंडला. हे नसलं की फिलामेंट अधांतरी राहते आणि हम कॅथोडमध्ये गळतो. यातला एखादा रेझिस्टर जळालाय का तेही बघा, व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला की तो फ्यूजसारखा जातो आणि काळा पडलेला पटकन दिसत नाही.

एवढ्यानंही बारीक ५० राहिला तर फिलामेंट डीसीनं वर उचला. २८० व्होल्टच्या सप्लायवरून २२० किलो आणि ३३ किलोओहमचा डिव्हायडर केला तर मध्ये साधारण ३६ व्होल्ट मिळतात, तिथं २२ मायक्रोफॅरडचा ६३ व्होल्टचा कंडेन्सर ग्राउंडला, आणि त्या १०० ओहमच्या जोडीचा मधला बिंदू ग्राउंडऐवजी इथं. फिलामेंट कॅथोडपेक्षा वर गेली की तिच्यातून कॅथोडकडं होणारी गळती थांबते. पन्नास रुपयांच्या आतलं काम आहे. फिलामेंटला डीसी सप्लाय करायच्या मागं लगेच लागू नका, मला अजून एकाही ईएल८४ च्या ॲम्पला त्याची गरज पडलेली नाही.

ग्राउंड, म्हणजे खरा गुन्हेगार

शंभरचा किंवा काटेरी हम असेल, कंडेन्सर नवे असतील, तर मी पैज लावून सांगतो की ग्राउंड चुकलंय. चूक कायम एकच, जवळ जो स्क्रू सापडला त्याला ग्राउंड केलं. ट्रान्सफॉर्मरची मधली तार ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला, कंडेन्सर त्याच्या क्लिपला, इनपुट सॉकेट समोरच्या पत्र्याला. मीटरनं तपासलं तर सगळीकडं शून्य ओहम दाखवतो, म्हणून माणूस म्हणतो ग्राउंड बरोबर आहे.

शेतातला पाट आठवा. मोटारीचं पाणी जोरात आलं की पाटातली पातळी वर-खाली होते आणि त्याच पाटाला शेवटी जोडलेल्या वाफ्यातलं पाणीही हलतं. पहिला कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा झटक्यानं भरतो, त्या वेळी अर्धा अँपिअरही वाहत असेल. तारेचा किंवा पत्र्याचा रेझिस्टन्स ०.०१ ओहम धरला तरी ५ मिलिव्होल्ट होतात. तोच तुकडा इनपुटच्या ग्राउंडच्या वाटेत असला तर हे ५ मिलिव्होल्ट सिग्नल म्हणून आत जातात, आणि या ॲम्पला पूर्ण आवाजासाठी इनपुटला काही शे मिलिव्होल्टच लागतात. हम ऐकू येणारच.

म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगची मधली तार (ब्रिज रेक्टिफायर असेल तर ब्रिजचं मायनस) थेट पहिल्या कंडेन्सरच्या मायनसवर न्या, मध्ये दुसरं काही नको. तिथून एक जाड उघडी तांब्याची तार पुढं काढा. तिच्यावर क्रमानं दुसऱ्या कंडेन्सरचं मायनस आणि ईएल८४ चे कॅथोड रेझिस्टर, मग तिसऱ्या कंडेन्सरचं मायनस आणि ईसीसी८३ चे, सगळ्यात शेवटी व्हॉल्यूम कंट्रोल आणि इनपुट. मोठं पाणी सुरुवातीला, बारीक पाणी टोकाला. चेसिसला ही तार फक्त एका जागी, इनपुटजवळ. इनपुट सॉकेटला फायबरचे वॉशर घाला, नाहीतर सॉकेट स्वतःच पत्र्याला टेकून दुसरं ग्राउंड करतं, हे मी निम्म्या ॲम्पमध्ये पकडलंय. शील्ड वायरची जाळी एकाच टोकाला जोडा.

मघाशी म्हटलं ती फेरा तोडायची जागा इथली. लाइनची अर्थ वायर चेसिसला वेगळ्या स्क्रूनं, घट्ट, कायमची. आणि सिग्नलच्या ग्राउंडपासून चेसिसपर्यंत थेट तारेऐवजी १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि उलट-सुलट जोडलेले दोन दणकट डायोड. फेऱ्यातला बारीक करंट १० ओहमला अडतो, आणि आत बिघाड झाला तर डायोड करंट अर्थला नेऊन फ्यूज उडवतात. हम जातो, अर्थिंगही राहतं.

ग्रिड स्टॉपर, म्हणजे ग्रिडच्या वाटेत घालायचा रेझिस्टर, विसरू नका. परभणीच्या एका मित्राच्या ॲम्पमधून काहीच न जोडता रात्री बारीक आवाजात आकाशवाणी ऐकू यायची, हमसोबत बातम्या. मीडियम वेव्हचं स्टेशन जवळ असलं की लांब ग्रिडची तार एरियल होते. ईसीसी८३ च्या पिन दोनवर १० किलोओहम अगदी पिनेला चिकटून झाळला आणि बातम्या बंद झाल्या.

हे सगळं करताना प्रत्येक झाळ परत तापवून बघा. चकचकीत आणि तारेला धरून पसरलेली पाहिजे. मळकट, गोळा झालेली, दाबल्यावर हलणारी झाळ म्हणजे ड्राय सोल्डर. ग्राउंडच्या जाड तारेला २५ वॅटचं आयर्न पुरत नाही, तिथं हमखास हे होतं.

फिल्टर कंडेन्सर, आता

हम हळूहळू वाढत गेला असेल किंवा ग्राउंड सुधारूनही १०० चा राहिला असेल तरच इकडं या. वर फुगलेला, बुडाशी चिकट झालेला दिसला तर सरळ बदला. दिसत नसेल तर बंद करून, रिकामा करून, एक चांगला ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा त्याला समांतर टाका आणि चालू करून ऐका. फरक पडला तर जुना गेला. रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल, ईझेड८१ सारखा, तर मात्र पहिल्या कंडेन्सरच्या जागी ही युक्ती करू नका आणि कायमचाही मोठा बसवू नका, त्याची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे, त्याच्या वर गेलात तर चार्जिंगच्या झटक्यानं रेक्टिफायर खराब होतो.

पहिल्या कंडेन्सरवर ३-४ व्होल्ट एसी दिसला तर घाबरू नका, ६० मिलिअँपिअर लोडला ४७ मायक्रोफॅरडवर तेवढा असणारच. पुढच्या चोकनंतर किंवा रेझिस्टरनंतर तो पार कमी झालाय का ते महत्त्वाचं. एक किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडनं तो साधारण तीसपट खाली यायला पाहिजे.

विकत घेताना १०५ डिग्रीचाच घ्या. दर दहा डिग्री तापमान वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात खोलीच ४० ला असते, त्यात ईएल८४ शेजारी. भंगारातल्या रेडिओतले जुने कंडेन्सर दिसायला कितीही देखणे असले तरी वापरू नका.

ट्रान्सफॉर्मर

सगळ्यात शेवटी, कारण इथं पत्र्याला नवी भोकं पाडावी लागतात. प्लग काढून, रिकामा करून, रेक्टिफायरसकट सगळे व्हॉल्व्ह काढा, मग चालू करा. तरी स्पीकरमध्ये ५० चा हम असेल तर तो पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून हवेतून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतोय, वायरिंगचा दोष नाही. (डायोडचा रेक्टिफायर असेल तर लोड नसल्यानं सप्लाय वर जातो, कंडेन्सरला तेवढी व्होल्टेज सोसते का ते आधी बघा.) उपाय म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोडवून ९० अंशात फिरवायचा आणि लांब न्यायचा. पुढचा ॲम्प बांधताना भोकं पाडायच्या आधीच आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) हेडफोन लावा, फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मरला लाइन द्या (त्याच्या बाकीच्या तारांची टोकं टेप लावून वेगळी करून) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर टेबलावर फिरवत ऐका. एका कोनात आवाज गायब होतो, पेन्सिलीनं खूण करा, तिथंच बसवा.

इथं थांबा

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की तिसरा घालू नका, जाड तर नाहीच नाही. ६० वॅटचा पिवळा फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा, बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हची प्लेट लाल व्हायला लागली तर हम राहू द्या, ताबडतोब बंद. ट्रान्सफॉर्मर घुमतोय, तापतोय, वार्निशचा वास यायलाय, तर वाइंडिंगवाल्याकडं न्या. आपल्याकडं बोअरच्या मोटारी भरणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना स्पष्ट विचारा की आधी ऑडिओचा ट्रान्सफॉर्मर भरलाय का, पत्त्या घट्ट ठोकून वार्निशमध्ये बुडवणार का. चेसिसला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल, बोर्डात अर्थची वायर नसेल, न्यूट्रलवर व्होल्ट दिसत असतील, तर ते लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम आहे, तो येऊन जाईपर्यंत ॲम्प बंद. आणि तुमच्या मीटरवर ६०० व्होल्टची रेंज नसेल तर चालू ॲम्पमध्ये काही मोजू नका, जवळच्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडं घेऊन जा, अशी माणसं अजून आहेत आणि आनंदानं बघतात.

हम किती राहिला तर चालेल, तर रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर, पंखा बंद करून स्पीकरपासून हातभर अंतरावर ऐकू येत नसेल तर झाकण लावून टाका. जाळीला कान लावल्यावर जो बारीक राहतो तो माझ्याही चारही ॲम्पमध्ये आहे.